गिटार-बेसचा ॲम्प मुंबईत सांभाळताना: आधी बाहेरून, मग आत

गणपतीतला प्रोग्रॅम होता, लालबागच्या एका चाळीच्या अंगणात. दुसऱ्याच गाण्यात माझा बेस दबला. बंद पडला नाही, पण कुणीतरी उशी ठेवल्यासारखा पातळ झाला. तसाच वाजवत राहिलो. दुसऱ्या दिवशी ॲम्प दुरुस्तीला दिला. तीन आठवडे तिथेच पडून होता. ‘बोर्ड गेला होता’ असं सांगून माझ्याकडून चांगले पैसे घेतले आणि महिन्याभरात दुखणं परत आलं. शेवटी रेडिओच्या जमान्यापासून काम करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी ॲम्प उघडलासुद्धा नाही. हातभर लांबीचा एक लीड (गिटार ॲम्पला जोडायची केबल) घेतला, पाठीमागच्या, एरवी इफेक्ट जोडायच्या ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ या दोन भोकांत त्याची दोन टोकं घातली, आणि आवाज भरून आला. रिटर्नच्या जॅकमधली पत्ती दमट हवेने काळी पडली होती, एवढंच.

त्या दिवसापासून मी एक क्रम पाळतो: दोष शोधायचा तो बाहेरून आत. आधी भिंतीतलं सॉकेट, मग पिन, लीड, जॅक, स्पीकरची केबल आणि सगळ्यात शेवटी पेटीच्या आतला भाग. मुंबईत ॲम्प बिघडतो तो बहुतेक वेळा या बाहेरच्या जोडांमुळे. हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर खूप त्रास वाचला असता, म्हणून नव्याने वाजवायला लागलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

१. तुमचा ॲम्प कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

पाठीमागची पट्टी वाचा आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. त्यावर व्होल्टेज, वॉट, फ्यूजचं मूल्य आणि स्पीकरचे ओहम (विजेला होणारा रोध) लिहिलेले असतात. या चार गोष्टी तोंडपाठ हव्यात.

जाती ढोबळमानाने तीन. ट्यूबचा ॲम्प, ज्याला जुने मेकॅनिक अजून ‘व्हॉल्व्हचा’ म्हणतात. ट्रान्झिस्टरचा, म्हणजे सॉलिड स्टेट. आणि हल्ली बेसवाल्यांकडे दिसणारा हातात मावेल एवढा क्लास-डीचा हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प. तिघांची पथ्यं वेगळी आहेत, ती पुढे येतील.

परदेशातून कुणी नातेवाइकाने आणलेला ॲम्प असेल तर आधी व्होल्टेज बघा. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. पाठीमागे व्होल्टेज बदलायचा स्विच नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो पट्टीवर लिहिलेल्या वॉटच्या निदान दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्या. इथे एक फसगत होते. स्वस्तातल्या बऱ्याच स्टेप-डाउनना दोनच पिना असतात, त्यामुळे ॲम्पचं अर्थिंग मधल्यामध्ये तुटतं. तीन पिनी असलेलाच मागा.

आणि वॉटच्या मागे धावू नका. ५० चा १०० वॉट केलात तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा, कानाला ‘थोडासा मोठा’ वाटेल इतकाच. तुमच्या ॲम्पचा आवाज तसाही साउंडवाल्याच्या समोरच्या स्पीकरमधून जाणारच आहे.

२. पिशवीत काय हवं

माझ्या पिशवीत कायम असतं ते असं:

- मल्टिमीटर, आणि तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर
- दोन सुटे लीड, आणि एक हातभर लांबीचा छोटा लीड
- स्पीकरची केबल, वेगळ्या रंगाची टेप गुंडाळलेली
- त्याच मूल्याचे पाच फ्यूज
- स्वतःचा तीन पिनी एक्स्टेंशन बोर्ड, निदान दहा मीटर वायरचा
- काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे
- स्क्रूड्रायव्हर, जॅकचा नट आवळायचा पाना, टॉर्च, इन्सुलेशन टेप
- ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स (गिटार-बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी डबी)

घरी ठेवायला २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न आणि ६०/४० सोल्डर. हे सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, चालत पाच-सात मिनिटं. दुकानात ‘गिटारची पिन’ मागितलीत तर समोरचा गोंधळेल. ‘पी-३८ मोनो’ म्हणा, लगेच काढून देईल. धातूच्या टोपीची घ्या. प्लास्टिकच्या टोपीची एका सीझनमध्ये सैल होते.

फ्यूजबद्दल थोडं थांबून सांगतो. काचेच्या फ्यूजच्या टोपीवर आकड्याआधी ‘टी’ किंवा ‘एफ’ असं अक्षर असतं. टी म्हणजे सावकाश उडणारा, एफ म्हणजे झटकन उडणारा. ट्रान्सफॉर्मरचे ॲम्प चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढतात, म्हणून त्यांना बहुधा टी लागतो. तिथे एफ टाकलात तर कारण नसताना उडत राहील. एक अँपिअरच्या जागी तीनचा घालणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं, हे कितीही घाई असली तरी करू नका. पुढच्या वेळी फ्यूजच्या जागी ट्रान्सफॉर्मर जळेल. आणि नवा घातलेला फ्यूजही लगेच उडाला, तर तिसरा घालू नका. दोष आत आहे.

३. स्टेजवर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं विजेला द्या

हा भाग मी सगळ्यात जीव तोडून लिहितो आहे.

गिटारच्या तारा ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात आणि माइक साउंडवाल्याच्या मिक्सरला. ॲम्प एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या. दोन्हींपैकी एकाचं अर्थिंग गेलेलं असेल, तर तारांना हात आणि माइकला ओठ लागताच मधला पूल तुम्ही होता. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीला ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस हार्वी असाच गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. मला स्वतःला गिरगावात एका मंडपात ओठाला झटका बसला आहे. पाऊस पडून गेला होता, स्टेजवरचा गालिचा ओला होता. दोन दिवस तोंडाला विचित्र चव होती. मी वाचलो ते निव्वळ नशिबाने.

म्हणून क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा सॉकेट टेस्टर खुपसा. तो फेज, न्यूट्रल उलटे आहेत का आणि अर्थ अजिबातच नाही का, एवढं सांगतो. साधा निऑन टेस्टर फक्त फेज दाखवतो. त्याचा दिवा लागला म्हणजे अर्थिंग आहे असं होत नाही.

मग मीटर. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये तपासणं कुणा जाणत्याकडून शिकून घ्या, तोवर मंडपाच्या वायरमनलाच ‘दादा, जरा अर्थ बघून द्या ना’ म्हणा. तो नाही म्हणत नाही. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य येत असेल, तर खूश होऊ नका. कुणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनला जोडलेली असू शकते. सॉकेट टेस्टर अशा जोडणीला ‘ठीक’ म्हणतो, आणि वर कुठे न्यूट्रल सुटली की तुमच्या ॲम्पची अख्खी बॉडी फेजवर येते.

तिसरं, सगळं जोडून झाल्यावर मीटरची एक काडी गिटारच्या तारेला आणि दुसरी माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्टच्या वर आकडा दिसला तर वाजवायला उभे राहू नका. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, म्हणजे बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. माझा लांब एक्स्टेंशन बोर्ड त्यासाठीच असतो.

हम्म (ॲम्पमधून सतत येणारी घूं) जावा म्हणून अर्थची पिन तोडून टाकणारे लोक तुम्हाला भेटतील, अनुभवी वादकसुद्धा. ऐकू नका. हम्म घालवायला डीआय बॉक्सचं ग्राउंड लिफ्ट आहे. ते सिग्नलच्या वायरीचं अर्थ सोडवतं, विजेचं नाही.

जनरेटर असेल किंवा मंडपाला थ्री-फेजची तात्पुरती जोडणी असेल, तर सगळ्या लाइट्स लागल्यावर व्होल्टेज पुन्हा मोजा. मी २१० ते २५० च्या आत असेल तरच ॲम्प लावतो. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल ढिली झाली तर एखाद्या फेजवरचं व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकतं. लाइट अचानक प्रखर झाले की गाणं चालू असलं तरी ॲम्पचा स्विच बंद करायचा.

४. आवाज गेला तर

रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो. काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत असते, तीही परवानगी असेल तर. त्यामुळे स्टेजवर दुरुस्तीला वेळ नसतोच. हा क्रम पाठ असू द्या, तीन मिनिटांत होतो.

पेडल सगळे काढा, गिटार थेट ॲम्पला. आवाज आला? मग दोष पेडल, त्यांचे छोटे लीड किंवा त्यांचा ॲडॅप्टर यांच्यात. नाही आला? लीड बदला. तरी नाही? गिटारचा जॅक हलवून बघा. नट ढिला होऊन जॅक आतल्या आत फिरतो आणि वायर तुटते, हे फारच नेहमीचं आहे. मग पाठीमागे जा आणि सेंड-रिटर्नमध्ये तो हातभर लीड घाला. आवाज येतो-जातो, पातळ होतो, वाजवताना जोरात तार छेडली की परत येतो, अशी लक्षणं असतील तर गुन्हेगार बहुधा हाच जॅक. तो लीड तसाच ठेवून अख्खा प्रोग्रॅम करता येतो.

त्यानंतर स्पीकरची केबल. ॲम्प बंद करून मीटर ओहमवर ठेवा आणि कॅबिनेटच्या (स्पीकरच्या पेटीच्या) केबलच्या टोकाला लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ च्या आसपास दाखवतो, ४ चा ३ ते साडेतीन, १६ चा साधारण १२. आकडा कमी दिसतो म्हणून घाबरू नका, मीटर डीसीने मोजतो. काहीच दाखवलं नाही तर केबल तुटली आहे किंवा स्पीकरची कॉइल गेली आहे.

एवढं करूनही काही नाही, तर डीआयमधून थेट मिक्सरमध्ये जा आणि प्रोग्रॅम पार पाडा. बेसवाल्यांना याने काही बिघडत नाही. गिटारवाल्यांना टोन आवडणार नाही, पण पब्लिक थांबलेलं नसतं.

५. हम्म कानाने ओळखा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसच्या जाड ई तारेवर तिसरा फ्रेट दाबा, तो जी ४९ हर्ट्झचा असतो. गिटारवर तीच जागा ९८ हर्ट्झ. आता हम्मशी जुळवा.

बेसच्या जीशी जुळला, तर विजेची वायर लीडला चिकटून गेली आहे, शील्ड तुटलं आहे, किंवा दोन अर्थांचा लूप झाला आहे. लीड विजेच्या वायरीपासून लांब करा, ओलांडायचाच झाला तर काटकोनात ओलांडा. डिमरच्या लाइट्सची कर्कश बझ मात्र गिटारच्या पिकअपमधून येते. उभं राहायची दिशा बदललीत की ती कमी-जास्त होते, त्यावरून ओळखू येते.

वरच्या जीशी, म्हणजे १०० हर्ट्झशी जुळला, आणि व्हॉल्यूम शून्यावर नेऊन, लीड काढूनही तसाच राहिला, तर पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर वाळलेले असण्याची शक्यता जास्त. ते काम मेकॅनिकचं.

६. ओहमचा हिशेब

थोडक्यात, पण चुकवू नका. ट्यूबचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवायचा नाही, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आणि त्याच्या ओहमच्या भोकात त्याच ओहमचा स्पीकर लावायचा. ट्रान्झिस्टर आणि क्लास-डीला जास्त ओहम चालतात, पट्टीवर लिहिलेल्यापेक्षा कमी चालत नाहीत. कॅबिनेटच्या दुसऱ्या भोकातून दुसरं कॅबिनेट जोडलं की ते पॅरलल होतं: ८ आणि ८ मिळून ४, ४ आणि ४ मिळून २. बऱ्याच बेस हेडची मर्यादा ४ असते. तिथे दोन चार-ओहमची कॅबिनेट लावली की मध्येच बंद पडतात.

दुसरी चूक म्हणजे हेड ते कॅबिनेट गिटारचा लीड वापरणं. दोन्हींची टोकं पी-३८ च, दिसायला सारखीच. पण गिटारच्या लीडची आतली तार केसासारखी बारीक असते, ती तापते. स्पीकरची केबल घरीच करा: विजेच्या दुकानातून १.५ स्क्वेअर एमएमची दोन पदरी वायर आणा, दोन पी-३८ लावा. सोल्डरिंग शिकायला याहून चांगली वस्तू नाही. वायर आणि पिनची पत्ती दोन्ही गरम करा, मग सोल्डर त्यांना लावा. डाग चकचकीत दिसायला हवा. राखाडी, दाणेदार दिसला तर तो ड्राय सोल्डर आहे, पुन्हा करा.

गिटारच्या ॲम्पमधून बेस वाजवायचा मोहही टाळा. बेसचा खालचा ई ४१ हर्ट्झचा आहे. गिटारच्या स्पीकरचा कागदी शंकू तेवढा मागेपुढे हलायला बनवलेलाच नसतो, फाटतो.

७. पावसाळा, खारी हवा आणि झुरळं

दादर, वरळी, वर्सोवा, समुद्राजवळ राहत असाल तर जॅक वर्षभरात काळे-हिरवे पडतात. दर दोन महिन्यांनी पी-३८ पिनेवर काँटॅक्ट क्लीनर मारा आणि ती ओली पिन प्रत्येक जॅकमध्ये दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, ॲम्प बंद ठेवून. खरखरणाऱ्या व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (नॉबमागच्या फिरत्या भागात) थोडा फवारा सोडून तो पंचवीस-तीस वेळा पूर्ण फिरवा, पंधरा मिनिटं वाळू द्या, मग चालू करा. गंजाचा साधा स्प्रे वापरू नका, तेलकट थर राहतो आणि धूळ धरतो. पॉलिश पेपरने जॅक घासू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि गंज आणखी लवकर धरतो.

जून ते सप्टेंबर ॲम्प जमिनीवर ठेवू नका, दोन विटांवर किंवा पाटावर ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. आतली ऊबच ओलावा काढते. वरून सुती आच्छादन घाला, प्लास्टिक नको, त्यात घाम धरतो. एसी हॉलमधून बाहेर काढलेल्या थंड ॲम्पवर दमट हवेत दव बसतं, चष्म्याच्या काचेवर बसतं तसं. दुसऱ्या जागी पोचल्यावर लगेच चालू करू नका, अर्धा तास जाऊ द्या.

झुरळांना ॲम्पची ऊब आवडते, उंदरांना वायरी. ट्यूब ॲम्पच्या मागच्या उघड्या भागाला बारीक जाळी बसवून घ्या, पण हवा खेळती राहील अशी.

८. हात घालायचा तो इथपर्यंत

ट्यूब ॲम्पच्या कंडेन्सरमध्ये ४००-५०० व्होल्ट डीसी असतं आणि पिन काढल्यावरही ते बराच वेळ टिकतं. म्हणून चॅसिस (आतला धातूचा सांगाडा) उघडणं नव्याने शिकणाऱ्याचं काम नाही. कुणाच्या शेजारी बसून दोन-चार वेळा बघा, कंडेन्सर रिकामे कसे करतात आणि रिकामे झाल्याची मीटरवर खात्री कशी करतात ते शिका, मग ठरवा.

पण चॅसिस न उघडताही करण्यासारखं खूप आहे. प्रीॲम्पची (ॲम्पच्या पहिल्या टप्प्याची) १२एएक्स७ ट्यूब बदलून बघा. तिचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, १०० धरला तर ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६० आणि १२एवाय७ चा ४५ च्या आसपास. बहुतेक ॲम्पमध्ये पहिल्या जागी यातली एखादी बसते. कमी गेनची घातली की लवकर आवाज फाटणारा ॲम्प मवाळ होतो, व्हॉल्यूमचा नॉब जास्त वर नेता येतो. ॲम्प बंद करून थंड होऊ द्या, ट्यूब हलके डुलवत सरळ वर काढा, पिना नीट जुळवून घाला. या ट्यूबना बायस (ट्यूबमधून वाहणाऱ्या करंटची जुळणी) लावावा लागत नाही. ईएल३४, ६एल६ अशा पॉवर ट्यूब मात्र जोडीने बदलतात आणि बऱ्याच ॲम्पमध्ये नंतर बायस लावावा लागतो. तो मेकॅनिककडूनच लावून घ्या.

स्पीकर बदलून बघणं हाही मोठा बदल आहे, माझ्या मते पेडलपेक्षा मोठा. फेंडरचा ‘बेसमन’ बेससाठी बनवला होता, पण गिटारवाल्यांनी तो उचलला. त्याच्याच सर्किटवरून १९६२ च्या सुमारास मार्शलचा ‘जेटीएम४५’ झाला. सर्किट जवळजवळ तेच, पण ट्यूब, स्पीकर आणि कॅबिनेट बदलल्यावर आवाजाची दुनियाच वेगळी झाली.

९. मेकॅनिककडे नेताना

‘खराब झालाय’ असं सांगू नका. कागदावर लिहून द्या: कधी होतं, किती वेळाने, कोणत्या नॉबवर फरक पडतो, काय काय तपासून झालं. सोबत खरेदीचं बिल, सीरियल नंबरचा फोटो आणि मिळाला तर सर्किट डायग्रॅमचा प्रिंट. बदललेले जुने पार्ट परत मागा, आधीच सांगून ठेवा.

मेकॅनिक चांगला आहे का हे मी एका गोष्टीवरून बघतो. फ्यूज उडालेला ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प तो थेट मेनला लावतो, की आधी सिरीज बल्बवर? ६० किंवा १०० वॉटचा पिवळा बल्ब मध्ये असेल तर आत शॉर्ट असल्यास बल्ब लख्ख पेटतो आणि ॲम्प वाचतो. सिरीज बोर्ड टेबलावर दिसला की मी निश्चिंत होतो.

१०. ने-आण

ट्यूब ॲम्प प्रोग्रॅम संपल्या संपल्या टेम्पोत टाकू नका. गरम फिलामेंट धक्क्याने तुटते. लीड गुंडाळेपर्यंत पंधरा मिनिटं तसाच ठेवा. लोकलने न्यायचा असेल तर मालडबाच, आणि गर्दीची वेळ सोडून. पण मासळीच्या टोपल्यांखालची जमीन ओली असते, म्हणून खाली जाड प्लास्टिक अंथरा आणि ॲम्प उभाच ठेवा, जॅकची बाजू भिंतीकडे. टॅक्सीत झोपवायचा झाला तर स्पीकरचं तोंड वर.

घरी पोचायला कितीही उशीर झाला तरी आच्छादन काढून ठेवा आणि रात्रभर पंख्याखाली राहू द्या. लीड मात्र लगेच पुसून घ्या, घामाचं मीठ सकाळपर्यंत पिनेवर बसतं.